सत्तावीस नंबरचा पत्ता

दातांच्या मोठ्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर, जिना संपतो तिथे उजव्या हाताला एक खोली होती. दारावर पाटी होती, ‘आत येण्यापूर्वी विचारा’. विचारलं की आतून आवाज यायचा, “काय काम आहे?” त्या आवाजात अशी जरब होती की निम्म्या माणसांना आपलं काम आठवेनासं होई आणि ती आल्या पावली जिना उतरत. नाटक कंपनीत असा आवाज असता तर शेवटच्या रांगेतला माणूससुद्धा डुलकी घ्यायला धजला नसता.

तो आवाज हुंगूताईंचा. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच सुखाने नांदत होतं. खालच्या दारावरच्या रखवालदारापासून वरच्या मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना हुंगूताई म्हणत, आणि तोंडावर म्हणत. कारण ताई जंतू वासावरून ओळखत.

हे ऐकायला गमतीचं वाटतं, पण काम मोठ्या जिकिरीचं होतं. हिरडीचा आजार झाला की हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये एक खोल फट पडते. त्या फटीत कागदाची बारीक काडी दहा आकडे मोजेपर्यंत ठेवायची, काढायची आणि रक्त घातलेल्या लालभडक जेलीच्या बशीवर तिचा अर्क पसरायचा. मग बशी बिनहवेच्या डब्यात. या मंडळींना हवा सोसत नाही. वारा लागला की मान टाकतात. आठ-दहा दिवसांनी बशीवर पिवळट, पांढुरके ठिपके दिसतात, आणि त्यांच्यात एखादा हळूहळू काळा पडत जातो. नाटकात खलनायक दुसऱ्या अंकात येतो ना, तसा. हिरड्यांचा खरा वैरी बहुतेक वेळा तोच.

झाकण केसभर उचलून ताई नाक जवळ नेत आणि म्हणत, “आलेत महाराज.” नंतर चार तपासण्या होऊन तेच निघे. हल्लीच्या नियमात बशीचा वास घेणं बसत नव्हतं. तशी सूचना डॉक्टरांनी स्वतः भिंतीला चिकटवली होती. ताईंनी ती चष्मा पुसून अथपासून इतिपर्यंत वाचली, “अक्षर छान आहे,” म्हणाल्या आणि पुढची बशी उचलली.

पण काळा ठिपका ओळखणं हा पहिला अंक. दुसऱ्या अंकात प्रश्न असा, की या रोग्याचा काळा आणि त्या रोग्याचा काळा, दोघे एकाच वाणाचे की वेगवेगळ्या? त्यासाठी जंतूच्या आतला वंशाचा धागा ठरावीक जागी कापायचा, ते तुकडे जेलीच्या पट्टीत घालून वीज सोडायची. लहान तुकडे पुढे पळतात, मोठे मागे रेंगाळतात, आणि खास दिव्याखाली रेघांची शिडी उजळते. ज्याच्या त्याच्या शिडीच्या पायऱ्या ठरलेल्या. दोन शिड्या शेजारी धरल्या की नातं कळतं.

प्रत्येक पट्टीच्या पहिल्या आणि शेवटच्या घरात एकच वाण असे: नंबर सत्तावीस. बाकी सगळ्यांना त्याच्याशी ताडून बघायचं. ताई नोकरीला लागल्या त्या वर्षी त्यांनी स्वतःच्या हाताने वाढवलेला हा पहिला काळा जंतू. अठरा रेघांची शिडी, त्यात वरून सातवी आणि आठवी अगदी खेटून, जुळ्या बहिणींसारख्या. एकतीस वर्षं तो ताईंच्या शीतपेटीत, उणे ऐंशी अंशांवर, बारीक कुप्यांमध्ये झोपला होता. लागला की उठवायचा, काम झालं की पुन्हा निजवायचा. ताईंच्या मुलालाही इतकं नीट कोणी निजवलं नसेल. मुलगा आता दूर गावी नोकरीला होता आणि फोनवर विचारायचा, “सत्तावीस बरा आहे ना?”

दुसऱ्या प्रयोगशाळा सत्तावीसची एखादी कुपी मागत. ताई म्हणत, “देऊ की.” कधी, ते म्हणत नसत. “तिकडे गेला आणि मेला म्हणजे?” असं त्या आपल्या यजमानांना सांगत. यजमान निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांनी एकदा सत्तावीसची शिडी कोळशाने कागदावर काढून जेवणाच्या टेबलाच्या वर भिंतीला लावली होती. पाहुणे विचारत, हे काय? ते सांगत, “आमच्या हिचा मानसपुत्र.”

आता ऐका, काय झालं ते. ताईंच्या निवृत्तीला दोन महिने राहिले होते. शीतपेटीत बर्फाचे थर साचले, की ती रिकामी करून साफ करायची, या कामाला त्या दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. त्या शुक्रवारी त्यांनी रोग्यांच्या साडेचारशे कुप्या मोजून शेजारच्या खोलीतल्या पेटीत हलवल्या. सत्तावीसच्या अकरा कुप्या मात्र त्या पेटीत ठेवायला त्यांचं मन होईना. तिथली मंडळी दार धाडकन लावतात. म्हणून त्यांनी अकराच्या अकरा कुप्या बर्फाच्या लहान पेटीत घातल्या, पेटीला स्वतःची शाल गुंडाळली आणि कुणाच्या हाती लागू नये म्हणून खिडकीच्या खालच्या कपाटात, जुन्या वह्यांच्या मागे दडवली. तासाभरात परत ठेवू, असं ठरवून.

साफसफाई झाली. साडेचारशे कुप्या परत आल्या, मोजून बरोबर भरल्या. ताईंनी हात धुतले, दिवा मालवला आणि समाधानाने घरी गेल्या. शाल विसरली हे त्यांना रविवारी दुपारी आठवलं. शालीच्या आत काय होतं, ते सोमवारी सकाळी जिना चढताना, सोळाव्या पायरीवर.

पेटीतल्या बर्फाचं पाणी झालं होतं आणि पाणीसुद्धा कोमट झालं होतं.

ताईंनी अकराही कुप्या बशांवर पसरल्या. दहा दिवस वाट पाहिली. या दहा दिवसांत त्यांनी कुणावर आवाज चढवला नाही, त्यामुळे अख्ख्या दवाखान्याला काळजी लागली. अकराव्या दिवशी बशा लाल त्या लालच. ताईंनी एकेका बशीचा वास घेतला. कशालाच वास नव्हता.

त्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. डॉक्टर त्यांच्या मुलाच्या वयाचे, पण विभागाचे प्रमुख.

“डॉक्टर, सत्तावीस गेला.”

डॉक्टर लिहीत होते. “कुठे गेला? दुसऱ्या पेटीत बघितलंत?”

“तसा नव्हे हो. वारला. मी मारला.”

डॉक्टरांच्या हातातलं पेन खाली आलं. दहा वर्षं ते रोग्यांचे वाण गोळा करून सत्तावीसशी ताडत होते. कोणता वाण औषधाला दाद देतो, कोणता देत नाही, याचा सगळा हिशेब त्याच्यावर उभा. शेवटच्या चाळीस रोग्यांचं काम राहिलं होतं, आणि दर खेपेला जिवंत सत्तावीस शेजारी वाढवल्याशिवाय त्या तुलनेला अर्थ नव्हता. निबंध पाठवायला पाच आठवडे उरले होते.

“दुसरीकडे कुठे असेल ना? कुणाला दिला असेल तुम्ही?”

“देऊ की, म्हणत राहिले,” ताई म्हणाल्या. “दिला कुणालाच नाही.”

“बरं,” डॉक्टर म्हणाले. ओरडले असते तर ताईंना बरं वाटलं असतं. “बघू.”

त्या दिवशी जेवताना यजमानांनी स्वतःहून तोंड उघडून हिरड्या दाखवल्या. रोजचा नियम होता तो. ताईंनी बघितलंसुद्धा नाही.

“अगं, पण तुझ्या सत्तावीसला आणलं कुठून होतंस?”

“एका माणसाच्या तोंडातून.”

“मग ते तोंड कुठे गेलं?”

ताईंचा घास हातात राहिला. एकतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. त्यांच्या लेखी सत्तावीस शीतपेटीत जन्मला होता! आणि त्यांना पक्कं ठाऊक होतं, की हे जंतू एका तोंडात एकदा बिऱ्हाड थाटून बसले की वर्षानुवर्षं हलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची परवानगी घेऊन जुनी वही निघाली. सत्तावीस: पुरुष, वय अडतीस, धंदा शिवणकाम, हिरड्यांतून रक्त, समोरचे दोन दात हलतात. खाली पत्ता. ताईंनी काड्या, नळ्या, बिनहवेचा डबा आणि संमतीचा कागद पिशवीत भरला आणि निघाल्या.

दुकान त्याच गल्लीत होतं. अरुंद, लांबट, आगगाडीच्या डब्यासारखं. पुढे टेबल, मागे दोन शिलाई यंत्रं. एकावर एक म्हातारे गृहस्थ, दुसऱ्यावर त्यांची बायको. टेबलावर बटणांची काचेची बरणी, आणि बटणांच्या वर, ऐटीत, दातांची पूर्ण कवळी.

ताईंनी कवळी बघितली आणि पिशवी खाली ठेवली.

“शिंपीदादा, मला ओळखलंत का?”

“दात असते तर ओळखलं असतं,” शिंपीदादा बोळक्या तोंडाने हसले. “दात होते तेव्हाच्या ओळखीच्या दिसता. बसा.”

“सगळे गेले?”

“एकेक करून. शेवटचा गेला त्याला बारा वर्षं झाली. कवळी आहे, पण ती बटणांत शोभून दिसते.”

“गिऱ्हाईक घाबरतं,” मागून बायकोने यंत्र न थांबवता सांगितलं. “पण ह्यांना सांगणार कोण?”

ताईंनी काय हवं ते सांगितलं. दात नाहीत म्हणजे फटी नाहीत, फटी नाहीत म्हणजे बिऱ्हाड उठलेलं. तरी जिभेवर कुठे उरला असला तर! शिंपीदादांनी खुशीत सही केली आणि लांबलचक जीभ काढली. “एकतीस वर्षं माझं काहीतरी तुम्ही जपून ठेवलंत? आमच्या घरात तर माझी कात्रीसुद्धा जागेवर सापडत नाही.”

दहा दिवसांनी त्या बशीवर पांढुरके ठिपके आले, पिवळट आले. काळा एकही नाही.

पाचांतले जवळजवळ दोन आठवडे गेले होते. पण शिंपीदादांच्या दुकानात मागच्या यंत्रावर आणखी एक तोंड होतं, हे ताईंच्या डोक्यातून जाईना. नवरा-बायकोत हे वाण कधी कधी एकमेकांकडे जातात. त्यांनीच अशी सात जोडपी ताडून बघितली होती. त्यांतल्या तीन जोडप्यांच्या शिड्या जुळल्या होत्या. ताई पुन्हा दुकानात गेल्या.

“काय?” शिंपीणबाई उठूनच उभ्या राहिल्या. “ह्यांचे किडे? माझ्या तोंडात?”

“किडे नव्हेत हो वहिनी, जंतू.”

“तेच ते. हे बघा!” त्यांनी ओठ वर केला. अठ्ठावीस दात, एकेक मोजून घ्यावा असा. “सासष्ट वर्षं वय. एकही किडलेला नाही. ह्यांचा ब्रश वेगळा, माझा वेगळा. ह्यांचा पेला वेगळा, चमचा वेगळा. ह्यांच्या उष्ट्याला मी कधी शिवले नाही. लग्न झालं त्या दिवसापासून सांगते, माझ्या स्वच्छतेबद्दल कुणाची बोट दाखवायची टाप नाही.”

“खरं आहे,” शिंपीदादा म्हणाले. “मला सुद्धा ती लांबूनच बघते.”

“तुम्ही गप्प बसा.”

ताईंनी दात नाही, हिरड्या बघितल्या होत्या. मागच्या दाढांशी त्या सुजलेल्या, जांभळट होत्या. आणि बोलण्याच्या त्या भरात ताईंच्या नाकाला एक फार जुनी ओळख पुसटशी लागून गेली होती. पण नुसत्या नाकाच्या भरवशावर एका स्वच्छ बाईला हे कसं सांगायचं?

“बरं, राहिलं,” ताई पिशवी उचलत म्हणाल्या. “जबरदस्ती थोडीच आहे?”

शिंपीदादांना एका सदऱ्याचं बटण लावायचं होतं. त्यांनी दोऱ्याचं टोक तोंडात घालून ओलं केलं, सुईच्या नेढ्याशी नेलं. हुकलं. पुन्हा तोंडात, पुन्हा नेढ्याशी. पुन्हा हुकलं.

“आणा इकडे,” शिंपीणबाई म्हणाल्या. मान वळवायचीही गरज त्यांना पडली नाही. हात मागे गेला, सुई-दोरा आला, दोऱ्याचं टोक त्यांच्या तोंडात गेलं. पुढच्या दातांनी त्यांनी ते कचकन तोडलं, ओठांत धरून टोकदार केलं आणि एका फटक्यात सुईत ओवून परत दिलं. हे करताना त्या ताईंना सांगत होत्या, “स्वच्छता म्हणजे माझा जीव की प्राण.”

ताई पिशवी घेऊन उभ्या होत्या, त्या तशाच खाली बसल्या.

“वहिनी, हे असं केव्हापासून?”

“काय असं?”

“दोरा.”

“डोळे अधू आहेत त्यांचे, पहिल्यापासून. लग्न झाल्यापासून मीच...” शिंपीणबाई थांबल्या. त्यांनी सुईकडे बघितलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे, मग स्वतःच्या बोटांकडे. रंगभूमीवर अशी शांतता मिळावी म्हणून भल्याभल्यांनी जन्म घालवलेत. “चाळीस वर्षं!”

“दिवसाला वीस दोरे धरले तरी,” शिंपीदादा मोजू लागले.

“मोजू नका!”

त्या ताडताड गेल्या, खुर्ची ओढून उजेडात बसल्या, संमतीचा कागद दोनदा वाचला, सही केली आणि आ वासला. काडी लागेपर्यंत नवऱ्याकडे डोळे वटारून बघत होत्या. ताईंनी सहा काड्या घेतल्या. दोन काड्यांना रक्त लागलं.

“ताई,” शिंपीणबाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “दात जातील का माझे?”

“नाही जाणार. इलाज आहे. तुम्ही दवाखान्यात यायचं, मी स्वतः डॉक्टरांच्या खुर्चीपर्यंत आणून बसवीन.”

आठव्या दिवशी बशीवर एक ठिपका तपकिरी झाला. दहाव्या दिवशी तसे नऊ ठिपके कुळकुळीत काळे. ताईंनी झाकण केसभर उचललं आणि कितीतरी वेळ ते तसंच धरून ठेवलं.

पण नाक म्हणजे पुरावा नव्हे. सत्तावीस मेला तरी त्याच्या कुप्यांमध्ये त्याचा वंशाचा धागा शाबूत होता. मेलेल्याचा ठसा घेता येतो, त्याला उठवता तेवढं येत नाही. ताईंनी पट्टी मांडली. पहिल्या आणि शेवटच्या घरात नेहमीप्रमाणे सत्तावीस, मधल्या नऊ घरांत शिंपीणबाईंचे नऊ. वीज सोडली. डॉक्टर आले. यजमानही आले होते, जिन्यात बसून होते, कारण दारावर पाटी होती.

दिवा लागला. शिड्या उजळल्या. डॉक्टर वरून मोजू लागले, “एक, दोन, तीन... सहा... सात-आठ जुळ्या! ताई, जुळ्या आहेत!”

“पुढे मोजा.”

“चौदा, पंधरा, सोळा, सतरा, अठरा. तोच! ताई, तोच हा!” डॉक्टरांनी टाळी वाजवली. “लिहा, सत्तावीस.”

ताई वाकल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पट्टी समोर होती आणि त्यांच्या आयुष्याची लाज राखणारी ओळ डॉक्टरांच्या तोंडून निघून गेली होती. त्यांनी फक्त मान डोलवायची होती.

“बारावी बघा,” त्या म्हणाल्या. “आपल्या सत्तावीसची बारावी तेरावीच्या जवळ आहे. याची अकरावी आणि तेरावीच्या मध्यावर आहे. नऊच्या नऊ घरांत.”

डॉक्टरांनी पट्टीवर बोट धरून पुन्हा मोजलं. “एका रेघेने काय होतंय? कुणाच्या लक्षातही येणार नाही.”

“माझ्या आलंय ना! एकाच घराण्याचा आहे, रक्ताचा आहे, पण तो नव्हे. दुसऱ्या तोंडात इतकी वर्षं काढली, थोडा बदलला. त्याला सत्तावीस म्हणायचं म्हणजे माझी चूक झाकायची आणि तुमच्या चाळीस रोग्यांना खोटं माप लावायचं.”

“मग?”

“सत्तावीस-ब. जुन्या ज्या बारा वाणांवर तुमची मदार आहे ते आपल्या पेटीत जिवंत आहेत. तेवढे ब शी पुन्हा ताडायचे. मी सकाळी लवकर येते. आणि निबंधात लिहा की मूळ वाण हाताळणीतल्या चुकीने गेला. चूक कुणाची तेही लिहा.”

डॉक्टरांनी ते लिहिलं, फक्त कुणाची ते लिहिलं नाही. ताईंनी कच्चा कागद वाचला तेव्हा पेनने स्वतःच घातलं. उरलेल्या चाळीस रोग्यांसोबत ते बारा वाणही अठरा दिवसांत पुन्हा ताडून झाले. अकरांचा निकाल तोच आला, एकाचा बदलला आणि तो बदल डॉक्टरांनी जसाच्या तसा छापायला दिला. निबंध पाच आठवड्यांच्या जागी सहा आठवड्यांनी गेला. जग बुडालं नाही.

आणि सत्तावीस-बच्या चाळीस कुप्या भरल्या गेल्या. दहा ताईंच्या शीतपेटीत. बाकी तीस तीन वेगळ्या प्रयोगशाळांत, ज्या वर्षानुवर्षं मागत होत्या. कुप्या न्यायला आलेल्या माणसाने दारात विचारलं, “आत येऊ का?” तर आतून आवाज आला, “या की, उशीर का केलात?” तो बिचारा आपण भलत्याच मजल्यावर आलो की काय म्हणून पाटी पुन्हा वाचून आला.

निकाल सांगायला ताई दुकानात गेल्या होत्या. शिंपीदादांना वाईट वाटलं. “म्हणजे माझा तो नाहीच राहिला?”

“तुमचाच आहे हो. वहिनींकडे येऊन थोडा बदलला, इतकंच.”

“सुधारला म्हणा,” शिंपीणबाई म्हणाल्या.

शिंपीणबाईंच्या हिरड्यांचा इलाज तीन खेपांत झाला. दर खेपेला शिंपीदादा बाहेर बाकावर बायकोची पिशवी मांडीवर घेऊन बसत. शेवटच्या दिवशी ताईंनी दोघांना एक भेट दिली: सुईत दोरा ओवायचं पत्र्याचं बारीक यंत्र, तारेच्या फासाचं. “आता तोंडात दोरा नाही घालायचा,” अशी सक्त ताकीद. दोघांनी शहाण्या मुलांसारख्या माना डोलावल्या.

ताई निवृत्त झाल्या. महिन्याभराने यजमानांची विजार आखूड करायच्या निमित्ताने त्या गल्लीत गेल्या. दुकानाचं दार उघडंच होतं. टेबलावर बटणांची बरणी होती, बरणीत कवळी होती, आणि कवळीच्या दातांत, कुणीतरी अगदी कौतुकाने बसवावं तसं, ते पत्र्याचं यंत्र.

मागे दोन्ही शिलाई यंत्रं थांबलेली होती. शिंपीदादांचा हात पुढे, शिंपीणबाईंचा हात मागे, आणि मध्ये लाल दोरा, त्याचं एक टोक शिंपीणबाईंच्या ओठांत.

दोघांनी एकदमच वर बघितलं.

“त्या यंत्राला ह्यांचं मन कळत नाही,” शिंपीणबाई दोऱ्यासकट म्हणाल्या.

ताईंनी विजार टेबलावर ठेवली. चष्मा काढला, पुसला, घातला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या जुन्या आवाजात, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असं म्हणाल्या,

“आ करा. दोघंही.”